मजकूर, चेहरा आणि व्हिडिओतून भावना ओळखणारं मॉडेल कसं बांधावं

एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक लांबलचक ऑनलाइन फॉर्म भरायला दिला होता, आणि तो मुद्दाम असा बनवला होता की सगळं भरून झाल्यावर भरलेली माहिती गायब व्हायची. ‘वैतागल्याचा अभिनय करा’ असं सांगितलं तेव्हा दहातले नऊ जण हसले नव्हते. खराखुरा वैताग आला तेव्हा दहातले नऊ जण हसले.

बाजारात मिळणारं तयार मॉडेल या हसण्याला ‘आनंद’ म्हणेल. त्याच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. त्याला शिकवताना वापरलेल्या हसऱ्या चेहऱ्यांखाली कुणीतरी ‘आनंद’ असंच लिहिलेलं होतं. मॉडेलला मनातली भावना कधी दिसतच नाही. बाहेरून पाहणाऱ्यानं कोणतं लेबल लावलं असतं, एवढंच ते शिकतं. लेबलं कशी ठरवायची, डेटा कसा वाटायचा, मॉडेल कुठं वापरायचं आणि कुठं नाही, हे सगळे निर्णय यावरून ठरतात.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच काम डोळ्यांसमोर ठेवू. समजा, तुमची टीम एक अ‍ॅप बनवते. लोकांना बोलावून, त्यांच्या संमतीनं, अ‍ॅप वापरतानाचं रेकॉर्डिंग केलं जातं. माणूस वापरता वापरता मोठ्यानं बोलतो, कॅमेरा चेहऱ्यावर असतो आणि शेवटी तो लेखी अभिप्राय देतो. अशी शेकडो तासांची रेकॉर्डिंग साठली आहेत आणि त्यातले वैतागाचे क्षण शोधायचे आहेत. पायथॉन येत असेल, पायटॉर्चची तोंडओळख असेल आणि एक साधा जीपीयू हाताशी असेल तर हे काम जमतं.

पायरी १ : आधी उपयोग लिहा, मग लेबलं

कागदावर एक वाक्य लिहा: मॉडेलचं उत्तर वाचून कोण काय करणार? आपल्या उदाहरणात संशोधक ती क्लिप उघडून बघणार. म्हणजे खोटा इशारा मिळाला तर त्याचं मिनिटभर वाया जाईल, पण खरा क्षण सुटला तर अ‍ॅपमधली अडचण तशीच राहील. त्यामुळे इथं रिकॉल (खऱ्या क्षणांपैकी किती सापडले) महत्त्वाचा, प्रिसिजन (दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती खरे) त्यानंतर. हे वाक्य लिहिता येत नसेल तर प्रकल्प तिथंच थांबवलेला बरा.

आता लेबलं. या क्षेत्रात तीन परंपरा आहेत. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या सहा मूलभूत भावना: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. चेहऱ्यांचे बहुतेक डेटासेट यांवर, नाहीतर यांत ‘तटस्थ’ मिळवून, उभे आहेत. दुसरी परंपरा जेम्स रसेल यांच्या १९८० च्या मांडणीची. तिच्यात भावनांना नावं देण्याऐवजी दोन अक्ष धरतात: सुखद–दुःखद हा एक, आणि शांत–उत्तेजित हा दुसरा. तिसरी बारीक यादीची. गूगलच्या २०२० च्या गोइमोशन्स डेटासेटमध्ये २७ भावना आणि तटस्थ अशी २८ लेबलं आहेत.

एकमनच्या सहांत ‘वैताग’ नाही. ‘गोंधळ’ही नाही. स्क्रीनसमोर अडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतात त्या याच दोन गोष्टी, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार मॉडेलच्या शब्दकोशात त्यांना जागाच नाही. ‘राग’ला वैताग समजून पुढं जाण्याचा मोह होतो, तो टाळा. आपल्या कामासाठी पाच लेबलं पुरेत: वैताग, गोंधळ, समाधान, गंमत वाटणं, आणि काही विशेष नाही. शिवाय ‘सांगता येत नाही’ हा पर्याय वेगळा ठेवा. त्याला ‘काही विशेष नाही’मध्ये मिसळू नका, चेहरा शांत असणं आणि चेहरा हातानं झाकलेला असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

एका क्षणी एकाहून जास्त लेबलं लागू शकतात असंच धरा. वैतागून हसणारा माणूस हे अपवादाचं उदाहरण नव्हे, हे वर पाहिलंच.

पायरी २ : लेबलिंग

माझ्या मते प्रकल्पाचा निम्मा वेळ इथं जायला हवा. प्रत्यक्षात तो मॉडेलच्या निवडीवर जातो, आणि मग अचूकता एका ठिकाणी अडकली की सगळे आर्किटेक्चर बदलत बसतात.

माणसांचंच एकमत किती होतं ते आधी पाहा. एफईआर-२०१३ हा चेहऱ्यांचा प्रसिद्ध डेटासेट. त्यात ३५,८८७ फोटो, प्रत्येक ४८ गुणिले ४८ पिक्सेलचा, कृष्णधवल. त्यावर माणसांची अचूकता साधारण ६५ टक्के निघाली होती, आणि त्या वेळच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या मॉडेलची सुमारे ७१ टक्के. मॉडेल माणसापेक्षा हुशार झालं असा याचा अर्थ लावू नका. लेबलं ज्या रीतीनं लागली होती त्या रीतीच्या सवयी मॉडेलनं उचलल्या, एवढंच. अफेक्टनेट या त्याहून कितीतरी मोठ्या डेटासेटमध्ये ३६,००० फोटो दोन-दोन जणांना दाखवले होते. त्यांचं एकमत साधारण ६१ टक्के फोटोंवर झालं. दोन माणसं जिथं दहातल्या चार फोटोंवर भांडतात, तिथं ९५ टक्के अचूकतेचा दावा करणाऱ्याला त्याची चाचणी कशावर घेतली ते आधी विचारावं.

लेबल लावणाऱ्यांना नेमका प्रश्न काय विचारायचा, हे लिहून द्या. ‘चेहऱ्यावर काय दिसतंय?’ आणि ‘या माणसाला काय वाटत असावं?’ हे वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी येतात. आपल्याला दुसरं हवं आहे, म्हणून लेबल लावणाऱ्याला आवाज, स्क्रीन आणि आधीचे दहा सेकंदही दाखवा. फक्त चेहऱ्याचं मॉडेल वेगळं शिकवायचं असेल तर त्यासाठी आवाज बंद करून लावलेली लेबलं स्वतंत्र गोळा करा. मॉडेलला जे दिसणार नाही ते पाहून लावलेलं लेबल त्याच्याकडून वदवून घेण्यात अर्थ नसतो.

पद्धत अशी ठेवा. आधी दीडदोनशे क्लिप तिघांना स्वतंत्रपणे द्या. क्रिपेंडॉर्फचा अल्फा काढा. तो योगायोगानं होणारं एकमत वजा करून उरलेलं एकमत मोजतो आणि कुणी एखादी क्लिप सोडली तरी चालतो. मग मतभेदाच्या क्लिप घेऊन तिघांना एकत्र बसवा. बहुतेक भांडणं दोन-तीन ठिकाणीच असतात: सुस्कारा वैतागाचा की सुटकेचा, भुवया आक्रसणं गोंधळाचं की एकाग्रतेचं. या ठिकाणांसाठी नियम लिहा, उदाहरणं जोडा, आणि नवीन क्लिपवर पुन्हा मोजा. त्यानंतरच मोठं लेबलिंग सुरू करा.

मतं मोजून बहुमताचं एकच लेबल ठेवायची पद्धत सरसकट आहे. ती सोडा. पाचांपैकी तिघांनी ‘वैताग’ आणि दोघांनी ‘गोंधळ’ म्हटलं असेल तर ०.६ आणि ०.४ असंच जपून ठेवा आणि मॉडेलला तसंच शिकवा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एफईआरचे फोटो दहा-दहा जणांकडून पुन्हा तपासून घेतले आणि मतांची विभागणीच शिकवणीसाठी वापरून दाखवली. त्याला एफईआर-प्लस म्हणतात. मतभेद हीसुद्धा माहिती आहे.

लेबल कोण लावतंय यानंही फरक पडतो. गोइमोशन्समधल्या सुमारे ५८,००० कॉमेंट रेडिटवरच्या होत्या, आणि लेबलं लावणारे इंग्रजी बोलणारे भारतीय होते. तिथल्या टोमण्यांचे आणि चालू बोलीचे संदर्भ परक्याला हुकणार, हे उघड आहे. तुमच्या चाचणीतले लोक ज्या भाषेत बोलतात ती भाषा लहानपणापासून बोलणारी माणसंच लेबलिंगला घ्या.

आणखी एक. सत्र संपल्यावर सहभागी व्यक्तीलाच तिच्या काही क्लिप दाखवून ‘इथं काय वाटत होतं?’ असं विचारा. ही उत्तरं थोडीच मिळतील, ती शिकवणीत घालू नका. बाहेरच्याचं लेबल आणि आतल्याचं सांगणं यांत किती अंतर आहे ते त्यांवरून कळेल, आणि तुमच्या मॉडेलची खरी मर्यादा तीच असते.

पायरी ३ : डेटाची वाटणी

थोडक्यात सांगण्यासारखी, पण सगळ्यात जास्त फसवणारी पायरी. ट्रेनिंग (शिकवणी), व्हॅलिडेशन (मधली जुळवाजुळव) आणि टेस्ट (शेवटची परीक्षा) ही वाटणी माणसांप्रमाणे करा, क्लिपप्रमाणे नाही. एकाच व्हिडिओच्या शेजारच्या दोन फ्रेम जवळपास सारख्याच असतात. एक ट्रेनिंगमध्ये आणि दुसरी टेस्टमध्ये गेली की मॉडेल तो माणूस, त्याचा चष्मा आणि मागची भिंत पाठ करून भरघोस गुण मिळवतं. पायथॉनच्या सायकिट-लर्न या लायब्ररीत गटानुसार वाटणी करणारी सोय तयार आहे. गट म्हणून व्यक्तीचा क्रमांक द्या. टेस्टचा भाग बाजूला काढा आणि शेवटापर्यंत उघडू नका.

पायरी ४ : मजकूर

लेखी अभिप्राय आणि बोलण्याचं लिप्यंतर, दोन्ही इथंच येतात. सुरुवात साध्यापासून करा: टीएफ-आयडीएफ (शब्द इथं किती वेळा येतो आणि एरवी किती दुर्मिळ आहे यावरून त्याचं वजन) आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (त्या वजनांवरून लेबलाची संभाव्यता देणारं साधं मॉडेल). काही मिनिटांत तयार होतं आणि पुढच्या महागड्या मॉडेलनं नक्की किती भर घातली ते याच्याशी तुलना करूनच कळतं.

मराठीसाठी इथं खड्डे आहेत, आणि ते इंग्रजी ट्युटोरियलमध्ये कुणी दाखवत नाही. सायकिट-लर्नचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे तुकडे पाडणारा भाग) मात्रा आणि अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. ‘सुंदर’ त्याच्या हातून ‘दर’ होऊन बाहेर पडतो. कुठंही एरर येत नाही, फक्त गुण कमी येतात. यावर सोपा उपाय म्हणजे शब्दांऐवजी दोन ते पाच अक्षरांचे तुकडे वापरणं. मराठीत विभक्ती आणि प्रत्ययांमुळं एकाच शब्दाची डझनभर रूपं होतात, त्यावरही हे तुकडे कामी येतात.

बर्ट हे भरपूर मजकुरावर आधीच शिकवलेलं गूगलचं भाषा-मॉडेल. त्याच्या बहुभाषिक ‘अनकेस्ड’ (इंग्रजी मोठ्या-लहान अक्षरांत भेद न करणाऱ्या) आवृत्तीचंही तसंच. ती अक्षरांवरची चिन्हं काढून टाकते, आणि देवनागरीतले उकार, एकार, अनुस्वार तिच्या लेखी चिन्हंच. तिथं ‘सुंदर’चं ‘सदर’ होतं. ‘केस्ड’ आवृत्ती घ्या, आणि कोणतंही मॉडेल घेतलं तरी आधी पाचपन्नास वाक्यं टोकनायझरमधून काढून डोळ्यांनी वाचा.

साफसफाई करताना न दिसणारी जोडचिन्हं सरसकट उडवू नका. ‘र्‍य’ अशा जुन्या पद्धतीनं टाइप केलेल्या मजकुरात ती उडाली की ‘दर्‍या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून थेट समुद्रात. आधी अशी रूपं ‘ऱ्य’मध्ये बदला, मग साफ करा. ‘नाही’, ‘नको’, ‘पण’ हे शब्द स्टॉपवर्ड (बिनमहत्त्वाचे शब्द) म्हणून काढू नका. भावना त्यांच्यावरच फिरते. इमोजी, ‘!!!’ आणि ‘खूऽऽऽप’सारखी लांबवलेली अक्षरंही ठेवा.

आता ट्रान्सफॉर्मर, म्हणजे बर्टच्या जातीची मॉडेलं. मराठीसाठी एल३क्यूब या संशोधन गटाचं महाबर्ट, गूगलचं मूरिल आणि शंभर भाषांवर शिकवलेलं एक्सएलएम-रॉबर्टा हे तीन चांगले उमेदवार आहेत. रोमन लिपीत लिहिलेली मराठी बरीच असेल तर मूरिलपासून सुरुवात करा, कारण त्याच्या शिकवणीत रोमन लिपीतला मजकूरही होता. लेबल केलेल्या मराठी डेटासाठी दोन ठिकाणं पाहा: सेमइव्हल-२०२५ या भाषा-संशोधनाच्या स्पर्धेतल्या भावना ओळखण्याच्या कामातला मराठी भाग, आणि एल३क्यूबचे मराठी डेटासेट. त्यातला महासेंट हा अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ एवढंच सांगतो. भावना सांगत नाही. या डेटावर आधी शिकवून मग तुमच्या पाच लेबलांवर शिकवलं तर कमी उदाहरणांत भागतं.

फाइन-ट्यूनिंगसाठी (आधी शिकलेलं मॉडेल आपल्या डेटावर पुढं शिकवण्यासाठी) लर्निंग रेट (दर पावलाला किती बदल करायचा) ०.००००२ च्या आसपास, तीन-चार इपॉक (डेटाच्या पूर्ण फेऱ्या) आणि १२८ टोकनची मर्यादा हे सुरुवातीला पुरेसं आहे. एका वाक्याला अनेक लेबलं लागू शकतात म्हणून शेवटच्या थरावर सॉफ्टमॅक्स (सगळ्या लेबलांत मिळून १ वाटणारं सूत्र) नको, प्रत्येक लेबलसाठी वेगळा सिग्मॉइड (० ते १ मधला स्वतंत्र आकडा) आणि लॉस (चूक मोजायचं सूत्र) म्हणून बायनरी क्रॉस-एन्ट्रॉपी वापरा. मग प्रत्येक लेबलचा थ्रेशोल्ड (ज्याच्या वर गेलं की लेबल लागू धरायचं तो आकडा) व्हॅलिडेशन डेटावर स्वतंत्र ठरवा. सगळ्यांना ०.५ लावला तर दुर्मिळ लेबलं कधी उगवतच नाहीत.

अपेक्षा किती ठेवायची? गोइमोशन्सवर बर्टचा सरासरी एफ-१ (प्रिसिजन आणि रिकॉल यांचा मिळून गुण, जास्तीत जास्त १) मूळ संशोधनात ०.४६ होता. कृतज्ञता ओळखणं सोपं, कारण आभाराचा शब्द वाक्यातच असतो. शोकासारख्या लेबलाची उदाहरणंच इतकी कमी की मॉडेलला शिकायला काही मिळत नाही.

आणि उपरोध. ‘वा, छान! पुन्हा लॉगिन करा म्हणे.’ या वाक्यातला वैताग ‘पुन्हा’ या शब्दात आहे, आणि तो कळायला आधीचं वाक्य लागतं. म्हणून मॉडेलला एकटं वाक्य देऊ नका. आधीची दोन वाक्यं आणि त्या वेळी कोणता स्क्रीन उघडा होता त्याचं नाव सोबत जोडा. मोठं मॉडेल घेण्यापेक्षा हा बदल स्वस्त पडतो.

मोठ्या भाषिक मॉडेलला थेट विचारावं का? पहिल्या चाळणीसाठी जरूर. लेबलांच्या व्याख्या आणि प्रत्येकी दोन-तीन उदाहरणं द्या, उत्तर ठरावीक रूपात मागा. पण त्याची उत्तरं तुमच्या माणसांनी लावलेल्या लेबलांशी ताडल्याशिवाय ती ‘खरी’ धरू नका, आणि टेस्टच्या भागाची लेबलं त्याच्याकडून कधीही लावून घेऊ नका.

पायरी ५ : चेहऱ्याचा फोटो

आधी चेहरा शोधा. मीडियापाइप किंवा रेटिनाफेस, दोन्ही तयार साधनं चालतात. डोळ्यांची रेषा आडवी होईल असा फोटो फिरवा, थोडी कड ठेवून कापा, २२४ गुणिले २२४ पिक्सेलचा करा. कपाळ कापलं जाणार नाही याकडे लक्ष ठेवा, गोंधळ भुवयांवर आधी दिसतो.

मॉडेल शून्यापासून शिकवू नका. कुत्री, गाड्या, खुर्च्या ओळखायला शिकलेल्या रेझनेट या सर्वसाधारण नेटवर्कपेक्षा चेहऱ्यांवर आधी शिकवलेलं नेटवर्क घेतलं तर फायदा होतो. ते एकदा अफेक्टनेट किंवा आरएएफ-डीबी या चेहऱ्यांच्या डेटासेटवर शिकवा, मग तुमच्या क्लिपवर. फोटोंत फेरफार करून डेटा वाढवताना डावं-उजवं उलटवणं, थोडं फिरवणं, उजेड कमीजास्त करणं चालेल. खालचं वर करू नका.

लेबलांचं असंतुलन इथं फार असतं. एफईआर-२०१३ मध्ये किळसेचे फोटो फक्त ५४७ आहेत. लॉसमध्ये दुर्मिळ लेबलांना जास्त वजन द्या, पण ते वजन मर्यादित ठेवा. शंभरपट दिलं तर मॉडेलला सगळीकडे किळसच दिसू लागते.

लेबलांऐवजी स्नायूंच्या हालचाली मोजायच्या हा दुसरा मार्ग, आणि आपल्या कामासाठी मला तो जास्त पटतो. एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची क्रमवार यादी केली. प्रत्येक हालचालीला क्रमांक आहे. चौथा म्हणजे भुवया खाली ओढल्या जाणं, सहावा गाल वर येणं, बारावा ओठांचे कोपरे वर जाणं, तेविसावा ओठ आवळणं. ओपनफेससारखी साधनं यांतले बरेच क्रमांक आणि त्यांची तीव्रता मोजून देतात. ‘चौथा आणि तेविसावा एकत्र, दोन सेकंद’ ही नोंद संशोधकाला कळते, तपासता येते. ‘वैताग ०.७३’ या आकड्यावर वाद तरी काय घालणार?

फोटोची मर्यादाही इथंच सांगायला हवी. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या विषयावरचे हजाराहून जास्त अभ्यास तपासले. निव्वळ चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीनं सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. रागावलेली माणसं कपाळाला आठ्या घालतात, पण दरवेळी नाही, आणि आठ्या घालणारा दरवेळी रागावलेला नसतो.

पायरी ६ : व्हिडिओ आणि आवाज

सुरुवातीला सांगितलेल्या एमआयटीच्या प्रयोगाचा उरलेला भाग इथं उपयोगी पडतो. वैतागाचं हसू आणि आनंदाचं हसू थांबलेल्या फोटोत सारखं दिसतं. काळात ते वेगळं पडतं: आनंदाचं हळूहळू चढतं, वैतागाचं झटकन येतं आणि झटकन मावळतं. हा क्रम पाहणारं मॉडेल दोन्ही हसण्यांत माणसांपेक्षा चांगला फरक करू शकलं.

म्हणून प्रत्येक फ्रेमचं उत्तर काढून सरासरी घेणं पुरत नाही. एक तासाच्या व्हिडिओत सेकंदाला ३० प्रमाणे १,०८,००० फ्रेम असतात. सगळ्या नकोत, सेकंदाला १० घ्या, हसण्याचा चढउतार त्यात टिकतो. एफएफएमपेग या साधनानं फ्रेम काढा, चेहऱ्याचा माग ठेवा, प्रत्येक फ्रेमचा वेक्टर (चेहऱ्याच्या नेटवर्कनं दिलेली आकड्यांची रांग) आणि स्नायूंचे क्रमांक साठवा. मग तीन सेकंदांची खिडकी एकेका सेकंदानं सरकवत त्या मालिकेवर एक छोटं जीआरयू किंवा कालदिशेचं कन्व्होल्यूशन (दोन्ही क्रम वाचणारी नेटवर्क) शिकवा. चेहऱ्याचं नेटवर्क या वेळी गोठवून ठेवा. डेटा थोडा असतो, सगळंच एकदम शिकवलं तर पाठांतर होतं.

चेहरा सापडला नाही, मान फार वळली, हात तोंडावर गेला, तर ती फ्रेम ‘माहिती नाही’ अशी नोंदवा, शून्य भरू नका. बोलताना ओठ हलतात आणि मॉडेल त्याला भाव समजतं, म्हणून ‘बोलतोय की गप्प’ ही खूण सोबत द्या. आणि दर व्यक्तीचा शांत चेहरा वेगळा असतो. सत्राच्या सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांवरून त्याची सरासरी काढा आणि पुढचं सगळं त्यातून वजा करा. काहींच्या भुवया मुळातच खाली असतात.

सूक्ष्म भावमुद्रांच्या मागे लागू नका. अर्ध्या सेकंदाच्या आत विरणाऱ्या त्या हालचालींवरचे डेटासेट वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेले असतात; कॅस्मे-२ सेकंदाला २०० फ्रेमवर आहे. वेबकॅमच्या दाबलेल्या व्हिडिओत त्या उरतच नाहीत.

आवाज वेगळा काढा: एक चॅनेल, १६ किलोहर्ट्झ. आधी बोलणं आणि शांतता वेगळी करणारं साधन चालवा, मगच लिप्यंतर. व्हिस्पर हे लिप्यंतराचं मॉडेल शांततेत न बोललेली वाक्यं रचतं, आणि खऱ्या बोलण्यातले ‘अं...’, अडखळणं, पुन्हा पुन्हा म्हटलेला शब्द गाळून टाकतं. लिप्यंतर वाचायला छान होतं, पण वैतागाच्या खुणा नेमक्या त्या गाळलेल्यात असतात. त्यामुळे थांब्यांची लांबी आणि सुस्कारे आवाजातूनच मोजा. वैशिष्ट्यांसाठी ओपनस्माइल या आवाज मोजणाऱ्या साधनातला ८८ मोजमापांचा ईजीमॅप्स संच घ्या किंवा वेव्हटूव्हेक २.० या आवाजावर शिकलेल्या मॉडेलचे वेक्टर. आवाजातून उत्तेजना चांगली कळते, सुखद की दुःखद ते शब्दांतून जास्त कळतं. दोन्हींचे निकाल वेगवेगळे आले तर गोंधळू नका.

शिकवणीसाठी कलाकारांकडून वदवून घेतलेले डेटासेट सहज मिळतात. रॅव्हडेसमध्ये २४ कलाकार ठरलेली दोनच वाक्यं वेगवेगळ्या भावांत म्हणतात. पाइपलाइन चालते का हे बघायला तो उत्तम आहे. त्यावरचे गुण खऱ्या वापरात मिळतील अशी आशा धरू नका. पहिल्या प्रयोगात अभिनय करताना दहातले नऊ जण हसले नव्हते.

पायरी ७ : तिन्ही जोडणं

शब्द, आवाज आणि चेहरा यांच्या खिडक्या एकाच घड्याळावर आणा. लिप्यंतरात प्रत्येक शब्दाची वेळ असते, ती वापरा. लेबलं कुणी व्हिडिओ चालू असताना सरकपट्टी हलवून लावली असतील तर ती दोन-चार सेकंद उशिरानं आलेली असतात. तेवढी मागे सरकवा.

जोडणीचा सगळ्यात साधा प्रकार आधी करा: तिन्ही मॉडेलची संभाव्यता आणि ‘हा स्रोत उपलब्ध आहे की नाही’ अशा तीन खुणा एका लॉजिस्टिक रिग्रेशनला द्या. याला उशिराची जोडणी म्हणतात. कुठला स्रोत किती वजन खातो ते स्पष्ट दिसतं आणि एक बंद पडला तरी बाकीचे चालतात. क्रॉस-अटेंशनसारख्या (एका स्रोतातलं काय दुसऱ्यासाठी महत्त्वाचं ते शिकणाऱ्या) गुंतागुंतीच्या रचना हजारो लेबल केलेल्या क्लिप असतील तरच हात लावण्यासारख्या. त्या वापरल्या तर शिकवताना मधूनमधून एखादा स्रोत मुद्दाम बंद करा, नाहीतर मॉडेल सगळा भार शब्दांवर टाकतं आणि चेहऱ्याकडे बघायचं सोडतं.

आपल्या कामात स्रोतांचा विसंवाद हाच मोठा सुगावा आहे. शब्द ‘ठीक आहे’ म्हणतात, आवाज चढलेला, ओठ आवळलेले. तिन्हींच्या उत्तरांतलं अंतर हे वेगळं वैशिष्ट्य म्हणून घाला.

पायरी ८ : तपासणी

नुसती अचूकता पाहू नका. रेकॉर्डिंगचा बहुतांश वेळ ‘काही विशेष नाही’चा असतो, आणि दरवेळी तेच उत्तर देणाऱ्या मॉडेललाही भरपूर गुण पडतात. मॅक्रो एफ-१ (सगळ्या लेबलांच्या एफ-१ ची साधी सरासरी) काढा, प्रत्येक लेबलचा रिकॉल वेगळा पाहा, कन्फ्यूजन मॅट्रिक्स (कोणतं लेबल चुकून कोणतं समजलं त्याचा तक्ता) समोर ठेवा. भीती–आश्चर्य आणि राग–किळस या जोड्यांत चेहऱ्याची मॉडेलं गोंधळतात. तुमच्याकडे वैताग–गोंधळ ही जोडी तशी असेल. माणसांनाही तीच जोडी अवघड गेली होती का, हे पायरी २ मधल्या नोंदींशी ताडा. माणसं आणि मॉडेल एकाच जागी अडखळत असतील तर लेबलाची व्याख्या सुधारा. मॉडेल एकटंच अडखळत असेल तर दोष डेटात किंवा रचनेत.

गटांनुसार तपासा: वय, लिंग, त्वचेचा रंग, चष्मा, दाढी, बोली. २०१८ मध्ये व्यावसायिक बास्केटबॉलपटूंच्या फोटोंवर झालेल्या एका अभ्यासात, हसू सारखंच असतानाही बाजारातल्या सेवांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना जास्त नकारात्मक भावना चिकटवल्या होत्या. सरासरी आकड्यात हे दिसत नाही.

एक खोडसाळ चाचणीही करा. चेहऱ्यावर काळा चौकोन टाका आणि मॉडेल पुन्हा चालवा. गुण फारसे घसरले नाहीत तर ते खोली, उजेड किंवा कपडे वाचत आहे.

शेवटी संभाव्यता खरी आहे का ते बघा. मॉडेल ज्या क्लिपना ०.८ म्हणतं, त्यांतल्या दहातल्या आठ खरंच वैतागाच्या निघतात का? सहसा निघत नाहीत, नेटवर्कना फाजील आत्मविश्वास असतो. टेम्परेचर स्केलिंग, म्हणजे संभाव्यता काढण्याआधी मॉडेलचे सगळे गुण एकाच आकड्यानं भागणं, हा उपाय यावर बराच चालतो.

पायरी ९ : कुठं वापरायचं नाही

युरोपीय संघाच्या एआय कायद्यानं कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत शरीराच्या खुणांवरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी अपवाद. ही तरतूद २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. चेहरा आणि आवाज त्यात येतात. त्याआधी, २०२२ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं आपल्या चेहरा-सेवेतून भावना सांगण्याची सोय काढून घेतली होती.

आपल्या उदाहरणातले सहभागी बाहेरचे, संमतीनं आलेले आहेत. हेच मॉडेल कर्मचाऱ्यांच्या व्हिडिओ-बैठकांवर चालवायची मागणी कधीतरी येईल, तेव्हा नाही म्हणा. कायदा लागू नसला तरीही. ज्या यंत्रणेची चूक मिनिटभर क्लिप बघण्यात खपते, तीच यंत्रणा पगारवाढ ठरवू लागली की चुकीची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो. संमतिपत्रात भावनांच्या विश्लेषणाचा स्पष्ट उल्लेख हवा. नुसत्या रेकॉर्डिंगची संमती पुरत नाही. वैशिष्ट्यं काढून झाली की मूळ व्हिडिओ कधी पुसणार, त्याची तारीखही आधीच ठरवा.

पायरी १० : चालू ठेवणं

संशोधकाला ‘वैताग’ असा शिक्का दाखवू नका. ‘इथं बघण्यासारखं असू शकतं’ म्हणून क्लिप दाखवा, सोबत कारण द्या: ‘आवाज चढला, ओठ आवळले, “पुन्हा” हा शब्द तीनदा’. शेजारी तीन बटणं ठेवा: बरोबर, चूक, सांगता येत नाही. इशारा सुरू आणि बंद होण्यासाठी वेगळे थ्रेशोल्ड लावा, म्हणजे ०.६ ला सुरू आणि ०.४ ला बंद. नाहीतर एकाच प्रसंगाच्या पाच तुटक क्लिप येतात.

बटणांतून मिळणाऱ्या लेबलांवर मॉडेल पुन्हा शिकवता येतं, पण संशोधक फक्त मॉडेलनं निवडलेल्याच क्लिप बघतो. मॉडेल ज्या क्षणांना कायम चुकतं ते कुणाच्याच नजरेस पडत नाहीत, आणि प्रत्येक शिकवणीनंतर त्याची ती आंधळी जागा आणखी पक्की होते. यासाठी रोजच्या यादीत दहातली एक क्लिप चिठ्ठ्या टाकून निवडलेली घाला, आणि ती तशी निवडली आहे हे संशोधकाला सांगू नका. रिकॉलचा खरा अंदाज या क्लिपवरूनच काढा.